भिंतीबाहेरचं विष

१

प्रयोगशाळेचं दार सताड उघडं होतं आणि शिपाई नाथाजीमामा बेसिनपाशी जमिनीवर बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

अक्षता बनसोडे सोमवारी सकाळी नुकतीच घरून, मलकापूरहून, एसटीने सांगलीत उतरून थेट कॉलेजवर आली होती. खांद्यावरची पिशवी तिथेच टाकून तिने मामांना बाहेर व्हरांड्यात ओढलं. आरडाओरडा ऐकून माणसं धावली. रिक्षा आली. मामांना घेऊन रिक्षा माधवनगर रस्त्याने दवाखान्याकडे गेली आणि अक्षता खिडक्या उघडायला परत आत आली.

तेव्हा तिला फ्रीझर दिसला. त्याचं दार नीट बसलेलं नव्हतं.

खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात एकच कुपी. एरंडाच्या बियांमधून काढलेलं प्रथिन, पुण्याहून परवान्यावर आणलेलं. कुपी बोटाच्या पेराएवढी होती, पण तेवढं विष माणसाला पुरेसं होतं, आणि त्यावर उतारा नाही हे इथल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं.

अक्षताने डबा उघडला. कुपी नव्हती.

तिने फ्रीझरवर लटकवलेली वही पाहिली. फ्रीझर उघडणाऱ्याने वेळ टाकून सही करायची, असा विभागप्रमुख साळुंखे सरांचा नियम होता. शेवटची सही शनिवारी संध्याकाळी पाच वाजताची होती.

ती तिचीच होती.

२

"पोलिसांना कळवलंय," डॉ. वीरधवल साळुंखे म्हणाले. रात्री उशिरा साताऱ्याच्या बारशाहून परतलेले, सकाळी दाढीही न करता आलेले. "फौजदार पाच वाजता जबाब घ्यायला येतायत. तोवर मी संयोगिता मॅडमना बोलावलंय. त्यांनी तीस वर्षं सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषं तपासली आहेत. रहिमतपूरला असतात. गाडीत बसल्यात."

"सर, मी माझ्या यीस्टच्या नळ्या काढायला फ्रीझर उघडला होता," अक्षता म्हणाली. "त्या डब्याला हातही लावला नाही."

साळुंखे सरांनी मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

शेजारी इंद्रजित थोरात उभा होता. तो अक्षताला चार वर्षांनी सीनियर. पुढच्या महिन्यात त्याची कायम जागेसाठी मुलाखत होती. "सर, बोलू का नको असं झालंय," तो हळू आवाजात म्हणाला. "शनिवारी मी जाताना हिला पाहिलं. पत्र्याचा डबा हिच्या हातात होता. मला वाटलं, काहीतरी कामच असेल."

अक्षता नाही म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. नाथाजींचा ऑक्सिजन खाली येत होता. डॉक्टर विचारत होते, विष पोटात गेलंय की श्वासातून? आणि किती?

अक्षताच्या मनात एकच विचार घुमत होता. मामा गेले, तर या वहीतल्या एका सहीवरून ती खुनी ठरणार होती.

३

संयोगिता जगदाळे एकाला पोचल्या. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. हातात कापडी पिशवी, पायात साध्या चपला. त्यांनी पाणी मागितलं, सगळ्यांची नावं विचारली आणि अक्षताला म्हणाल्या, "तू दिवसभर माझ्याबरोबर राहा. इथलं काम मला समजावून सांग."

हे प्रेमाने म्हटलंय की आपल्यावर नजर ठेवायला, हे अक्षताला कळेना.

रिक्षातून दवाखान्याकडे जाताना त्यांनी विचारलं, "माणसाचं विष आणि पावाचं यीस्ट, यांचा संबंध काय गं?"

"मॅडम, यीस्टची पेशी आतून आपल्या पेशीसारखीच चालते," अक्षता म्हणाली. कामाचं बोलताना तिचा आवाज जरा स्थिर झाला. "विषाचा जो भाग पेशीच्या आत घात करतो, त्याचं जनुक आम्ही यीस्टमध्ये घातलंय. नेहमीच्या साखरेवर ते झोपून राहतं. साखर बदलली, गॅलॅक्टोज दिलं, की जागं होतं आणि यीस्ट स्वतःच केलेल्या विषाने मरतं. माझ्याकडे यीस्टचे हजारो वाण आहेत. प्रत्येकात एकेक जनुक काढून टाकलेलं. ज्या वाणात विष असूनही पेशी मरत नाही, तिथे नसलेलं जनुक विषाला मदत करत असणार. चार वर्षांत मला असा एक वाण सापडला. तीनशे सतरा नंबरचा."

"म्हणजे तुझ्या कामाला ती कुपी लागतच नाही?"

"नाही. कुपी इंद्रजितदादांच्या कामाला लागते. ते बाहेरून विष देऊन बघतात. त्यांच्या प्रयोगातही तीनशे सतरा वाचला. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यांच्याच आकड्यांवर उभं आहे."

संयोगिता मॅडमनी नुसतं "हं" केलं.

दवाखान्यात नाथाजींची बायको बयाबाई पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती. अक्षताला बघून ती उठली नाही. "पोरी, तुज्या खोलीतलं इख हाय म्हनत्यात," एवढंच ती म्हणाली. अक्षता खाली मान घालून आत गेली.

मास्क लावलेल्या नाथाजींच्या कानाशी वाकून मॅडमनी विचारलं, "नाथाजी, सकाळी काय केलंत? सावकाश सांगा. घाई नाही."

नाथाजींनी मास्क जरा बाजूला केला. "ताई, बेसिन तुंबलं हुतं. काठोकाठ पानी. जाईनाच. म्हून म्या... संडासाचं ॲसिड वतलं." खोकल्याची उबळ आली. "तसा पिवळा धूर उठला. डोळं चुरचुरलं. छातीत आगीचा डोंब."

"ओतल्यावर किती वेळाने?"

"लगीच. बाटली खाली ठिवायच्या आत."

संयोगिता मॅडम ताठ उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. "एरंडाचं विष तासन् तास काही दाखवत नाही. हे क्षणात झालंय. बेसिनमध्ये ब्लीच साठलेलं होतं, त्यावर ॲसिड पडलं. क्लोरीन वायू आहे हा. तुम्ही भलत्या विषाची वाट बघत बसलाय."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा नाथाजींच्या डोळ्यांत, घशात पाहिलं, आणि नर्सला हाका मारत उपचार बदलले. बाहेर येऊन ते बयाबाईला म्हणाले, "वाचतील. दोन-तीन दिवस ठेवावं लागेल."

सकाळी खोलीत शिरताना अक्षताला उग्र वास आला होता खरा. पण त्या खोलीला कसला ना कसला वास कायमच असायचा.

"आता खरं सांग," संयोगिता मॅडम तिला म्हणाल्या. "तुमच्याकडे ते विष नष्ट करायचं असेल तर कशात ओततात?"

अक्षताला ते तुंबलेलं बेसिन आठवलं. "ब्लीचमध्ये."

४

"म्हणजे कुपी कुणी पळवली नाही," परत येताना मॅडम म्हणाल्या. "ज्याला कुणाला मारायचंय तो विष जपून नेतो, नियमाने नष्ट करत बसत नाही. कुणीतरी ते मुद्दाम संपवलंय. शनिवारी पाचनंतर आणि आज सकाळच्या आत. खोलीच्या किल्ल्या किती?"

"चार. सरांची, इंद्रजितदादांची, माझी, आणि ऑफिसात एक."

ऑफिसची किल्ली शनिवारपासून आज सकाळी नाथाजींनी घेईपर्यंत लाखेच्या सीलमध्ये होती. साळुंखे सर शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत साताऱ्यात पन्नास पाहुण्यांच्या घोळक्यात होते. इंद्रजित म्हणाला, तो रविवारी घरीच झोपून होता, किल्ली त्याच्या खिशातून हलली नाही.

"आणि तुझी?" संयोगिता मॅडमनी अक्षताला विचारलं.

"माझ्याकडे होती. मलकापूरला."

"दाखव बरं."

अक्षताने पिशवी उगाच चाचपली. किल्ली तिच्याकडे नव्हती. शनिवारी जाताना ती तिने शिवांजलीला दिली होती. शिवांजली तिची ज्युनियर, वर्षभरापूर्वी आलेली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, ताई, कुणाला सांगू नका, शपथ घ्या. आणि अक्षताने शपथ घेतली होती.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. साळुंखे सरांच्या चेहऱ्यावर जो संशय उमटला तो अक्षताला फौजदाराच्या धाकापेक्षाही जास्त लागला.

"हरवली," ती म्हणाली.

"कधी हरवली?" इंद्रजितने विचारलं.

घड्याळात साडेतीन झाले होते. फौजदाराला यायला दीड तास उरला होता. अक्षताच्या पिशवीत फोन थरथरला. तिच्या वडिलांचा, आप्पांचा होता. तिने तो उचलला नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "ती हरवली नाही. माझ्याकडं हाय."

शिवांजली उंबऱ्यातच उभी होती. तळहातावर किल्ली.

५

"मला बघायला पाव्हणे येणार होते रविवारी," शिवांजली सांगत होती. शब्द भराभर येत होते, मध्येच गावाकडची बोली डोकावत होती. "मला नको हाय लग्न एवढ्यात. घरी सांगितलं, जादा प्रॅक्टिकल हाय. आणि हितं येऊन बसले, अकरापास्नं चारपर्यंत. ताईंना शपथ घातली होती. घरी कळलं असतं तर शिकणंच बंद झालं असतं. पण आता ताईच अडकायल्यात म्हणून..."

"बस," संयोगिता मॅडमनी तिला स्टूल दिलं. "अकराला तू आलीस तेव्हा खोली कशी होती?"

"कुलूप होतं. आत आले तर पोहण्याच्या तलावाला येतो तसला वास. बेसिन पाण्यानं भरलेलं. मला वाटलं, नाथाजीमामांनी काहीतरी धुवायला घातलं असंल."

"फ्रीझर उघडलास?"

"न्हाई. मी नुसती खिडकीत बसून होते."

साळुंखे सर मध्येच म्हणाले, "मॅडम, हिनेच ओतलं नसेल कशावरून?"

"जिला लपवायचंय ती वासाची गोष्ट आपण होऊन सांगत नाही, सर. ती बोलली नसती तर वार कळला नसता आणि सगळं शनिवारच्या सहीवर येऊन थांबलं असतं. ब्लीचचा वास ताजा होता, म्हणजे काम रविवारी सकाळचं. तेव्हा अक्षता मलकापुरात होती. तुम्ही साताऱ्यात." त्या थांबल्या. "पण किल्ली कुणाकडे होती एवढ्यावर मी कुणाला गुन्हेगार म्हणणार नाही. ते विष संपावं असं कुणाला वाटत होतं, ते मला हवंय."

मग त्यांनी एक विचित्र मागणी केली. फ्रीझरमधली एकूण एक वस्तू टेबलावर मांडा.

अक्षता आणि शिवांजलीने मांडायला घेतलं. नळ्यांचे डबे, बाटल्या, बर्फाचा थर धरलेली पाकिटं. मॅडम इंद्रजितशी गप्पा मारल्यासारखं बोलत होत्या.

"तुमच्या प्रयोगात विष यीस्टला बाहेरून द्यायचं. पण यीस्टला जाड भिंत असते ना? मग ते आत जातं कसं?"

"भिंत आधी काढावी लागते," इंद्रजित म्हणाला. याबाबतीत तो पक्का होता. "एक एन्झाइम मिळतं, ते भिंत विरघळवतं. नाहीतर विष बाहेरच राहतं, पेशीला काही होत नाही."

"प्रत्येक वेळी काढली?"

"प्रत्येक वेळी. चौदा प्रयोग केलेत, दीड वर्षात. सगळं वहीत आहे."

"अक्षता, ते एन्झाइम कुठलं गं?"

अक्षताने समोरची छोटी तपकिरी बाटली उचलली. वरचा बर्फ अंगठ्याने पुसला आणि तिचा हात तिथेच थांबला.

बाटलीच्या तोंडावरचं ॲल्युमिनियमचं सील जसंच्या तसं होतं.

६

ही बाटली ती वर्षभर रोज बघत होती. आपल्या नळ्या काढताना बाजूला सरकवत होती. ती कधी उघडलेलीच नाही, हे एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अशा किती बाटल्या मागवल्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

"एकच. मागणीचं पत्र मीच टाइप केलं होतं."

इंद्रजित पटकन म्हणाला, "मी कोल्हापूरच्या एका मित्राकडून आणलं होतं थोडंसं."

"चांगलं झालं. त्यांना आत्ता फोन लावा. मी बोलते."

इंद्रजितने फोन खिशातून काढला. त्याकडे बघत राहिला. खाली रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, तोवर तो तसाच उभा होता. मग तो स्टुलावर बसला.

"पहिला प्रयोग मी खरंच केला," तो म्हणाला. "भिंत न काढता. यीस्ट मेलंच नाही. तेव्हा एन्झाइम यायला चार महिने होते आणि सरांना परिषदेसाठी आकडे हवे होते. मला काय यायला हवं ते माहीत होतं. अक्षताच्या निकालावरून दिसतच होतं. मी मनानेच आकडे लिहून टाकले. वाटलं, बाटली आली की करून टाकू. मग बाटली आली, पण तोवर लेख छापून आला होता. प्रयोग केला आणि आकडे उलटे आले तर काय, या भीतीने हात लावला नाही."

"आणि परवान्याची तपासणी समिती आता विषाचा साठा मोजणार होती, सरांकडून कळलं मला," मॅडम म्हणाल्या.

"चौदा प्रयोगांत अर्ध्याहून जास्त संपायला हवं होतं. कुपी जवळपास भरलेली होती. रविवारी सकाळी नऊला आलो. अर्धी ओतून टाकायची, एवढंच ठरवलं होतं. हात कापत होते. कुपी बेसिनमध्ये पडून फुटली. मी ब्लीचची अख्खी बाटली रिकामी केली. काचा चिमट्याने उचलून ब्लीचच्या डब्यात घातल्या, तो डबा घरी आहे. भांडी पुसायची चिंधी पाइपात गेली असावी, पाणी निघेना. व्हरांड्यात कुणाचं तरी पाऊल वाजल्यासारखं झालं आणि मी कुलूप लावून पळालो."

"नाथाजीमामा मेले असते," अक्षता म्हणाली.

"मला माहीत नव्हतं ते ॲसिड ओततील."

"सकाळपासून तर माहीत होतं," संयोगिता मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बेसिनमध्ये ब्लीच आहे, हे एक वाक्य तुम्ही डॉक्टरांना सांगितलं असतं, तर त्या माणसाचे पाच तास वाचले असते. त्याऐवजी तुम्ही हिच्या हातात डबा पाहिल्याचं सांगितलंत."

इंद्रजितने चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. साळुंखे सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. परिषदेसाठी आकड्यांची घाई त्यांनीच केली होती. ते वळले तेव्हा एकदम म्हातारे दिसले. "अक्षता, मी सकाळी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

फौजदार आले तेव्हा सव्वापाच झाले होते. इंद्रजित स्वतःहून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

७

कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्याशी आप्पासाहेब बनसोडे उभे होते. अंगावर कराड डेपोच्या वर्कशॉपमधला खाकी गणवेश, बाहीवर ग्रीसचा डाग. ती फोन उचलेना म्हणून पाळी अर्धी टाकून ते आले होते.

"पोलीस आल्यात म्हनून कळलं," ते म्हणाले. "काय झालं गं?"

अक्षताने सगळं सांगितलं. मामा वाचले, हे आधी. मग बाकीचं. चहा गार झाला.

"मग तू सुटलीस की."

"सुटले. पण तिसरं प्रकरण त्याच्या आकड्यांवर आहे, आप्पा. ते खोटे आहेत. ते काढलं तर प्रबंध अर्धा राहतो. वर्ष जाईल, कदाचित दोन. सर म्हणाले, घाई करू नको, आपण प्रबंधाच्या समितीशी बोलू."

"ह्यात तुजं काय चुकलं?"

दिवसभर अक्षताच्या मनात भीती होती, ती गेल्यावर खाली हेच उरलं होतं. "मी तपासलं नाही. माझ्या निकालाशी त्याचे आकडे जुळत होते, म्हणून मला बरं वाटलं. बाटली रोज हाताखाली होती."

आप्पांनी ग्लास गाड्यावर ठेवला. "आमच्यात ब्रेकचं काम दुसराच करतो. पर गाडी बाहीर सोडताना सही माजी आसती. म्हनून मी सोता बसून पायानं दाबून बगतो. त्यो मानूस वाईट हाय म्हनून न्हवं. आत पन्नास मानसं बसत्यात म्हनून."

अक्षताने पिशवीतून कागद काढला. चहाच्या गाड्याच्या पत्र्यावर ठेवून तिने प्रबंधाच्या समितीला पत्र लिहिलं. तिसरं प्रकरण मी मागे घेत आहे. त्यातले आकडे झालेल्या प्रयोगांचे नाहीत. तीनशे सतरा नंबरचं यीस्ट स्वतःत तयार झालेल्या विषातून वाचतं, एवढंच मी आज सांगू शकते. बाहेरून आलेल्या विषाचं काय होतं, ते मला अजून माहीत नाही.

शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात जरा थांबला. मग तिने ते पुरं केलं.

आप्पांनी कागद हातात घेतला. पत्र इंग्रजीत होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, जणू वाचताच येतंय.

"सही?"

"केली."

"मग चल," ते म्हणाले. "सातच्या आत गेलं तर दवाखान्यात भेटाय सोडत्यात. बयाबाईला भेटून यिऊ."